तांग घोडा, शीवानचा म्हातारा, निळा सिंह: चिनी झिलईदार मूर्तींच्या प्रतिकृती कशा पारखायच्या

डिसेंबर १९८९ मध्ये लंडनला सदबीजच्या लिलावात ब्रिटिश रेल्वेच्या पेन्शन फंडाच्या संग्रहातला एक तांगकालीन घोडा ३७ लाख ४० हजार पौंडांना गेला. चिनी कलावस्तूला तोवर मिळालेली ती सर्वांत मोठी किंमत होती. असा एखादा आकडा कानावर आला की शोकेसमधल्या घोड्याकडे बघण्याची नजरच बदलते. आजोबांनी आणलेला, सासूबाईंना कुणीतरी भेट दिलेला, न्यू जर्सीतल्या एखाद्या घरविक्रीत पाच डॉलरला मिळालेला, असे घोडे, उंट, लांब दाढीचे म्हातारे आणि पांढऱ्याशुभ्र देवी मराठी घरांतही बऱ्याच आहेत. त्यांचे मालक विचारतात एकच: खरं आहे का?

माझा सल्ला असा की हा प्रश्न बाजूला ठेवून सुरुवात करा. हातातली मूर्ती प्रतिकृती आहे असंच धरून चाला. शंभरात नव्याण्णव वेळा हे गृहीतक बरोबर निघतं, आणि राहिलेल्या एका वेळी पुढची तपासणी तुम्हाला आपोआप थांबवते. खरं काम त्यानंतरचं आहे. प्रतिकृतीलाही वय असतं, गाव असतं, कारागिराचा हात असतो आणि स्वतःचा भाव असतो. १९१५ च्या सुमारास निर्यातीसाठी घडवलेली सिंहांची जोडी आणि परवा विमानतळावर घेतलेला घोडा या दोन्हींना ‘डुप्लिकेट’ म्हणून एकाच टोपलीत टाकणं हा चांगल्या वस्तूवर अन्याय आहे. मालकाचं त्यात नुकसान होतं ते वेगळंच.

आधी घराणं ओळखा

सर्वांत जास्त दिसते ती तांग पद्धतीची तिरंगी मूर्ती, चिनी भाषेत सानत्साई. मधासारखा पिवळा-तपकिरी, हिरवा आणि दुधी असे तीन मुख्य रंग, कधी जोडीला निळा. लोखंडामुळे पिवळा-तपकिरी येतो, तांब्यामुळे हिरवा, कोबाल्टमुळे निळा. झिलई, म्हणजे मातीवर वितळवून बसवलेला काचेसारखा थर, शिशाची असते, म्हणून ती कमी आचेवर वितळते आणि भट्टीत ओघळते. तांग राजवट ६१८ ते ९०७ ची. या मूर्ती घरात ठेवण्यासाठी केलेल्याच नव्हत्या. त्या मृताबरोबर थडग्यात पुरल्या जात. ७२८ साली वारलेल्या ल्यू तिंगशून या सेनापतीच्या थडग्यातला म्हणून ओळखला जाणारा १३ मूर्तींचा संच ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. घोडे, उंट, त्यांचे मोतद्दार, रक्षक देवता, अधिकारी असा तो सगळा लवाजमा, त्यातल्या काही मूर्ती मीटरभर उंचीच्या. तांग घोडा म्हणजे काय हे डोळ्यांत बसवायचं असेल तर त्या संचाचे फोटो मोठे करून निवांत बघा. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यामुळे सोप्या होतात.

इथेच एक उपयोगी तारीख लक्षात ठेवा. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात लुओयांगजवळ रेल्वेमार्ग टाकताना थडगी उघडी पडली आणि हे घोडे बाजारात येऊ लागले. त्याआधी थडग्यातली वस्तू घरात ठेवणं चीनमध्येच अशुभ मानलं जाई, त्यामुळे गिऱ्हाईक नव्हतं, आणि गिऱ्हाईक नसताना नक्कल कोण करणार? म्हणून ‘हा तांग घोडा आमच्या घराण्यात दीडशे वर्षं आहे’ ही गोष्ट कितीही मनापासून सांगितली जात असली तरी जुळत नाही. मुंबईच्या पारशी व्यापाऱ्यांनी कँटनहून एकोणिसाव्या शतकात जे आणलं त्यात चिनी मातीची भांडी, भरतकाम, लाखकाम होतं; तिरंगी घोडे तेव्हा जमिनीखाली होते. आज हे घोडे प्रामुख्याने लुओयांगजवळच्या नानशीशान गावात आणि आसपास बनतात. सुरुवातीला सापडलेल्या मूर्ती दुरुस्त करणारे हातच पुढे नव्या मूर्ती घडवू लागले. त्यातल्या काही घराण्यांचं काम खरोखर उत्तम आहे.

दुसरं घराणं शीवानचं. दक्षिणेला क्वांगतुंग प्रांतात फोशानजवळ हे गाव आहे. तिथली नानफेंग नावाची लांबलचक चढणीची भट्टी मिंग काळापासून (१३६८ ते १६४४) चालू आहे. शीवानच्या मूर्तीची खूण सोपी: अंगरख्यावर जाड, चमकदार झिलई आणि चेहरा-हात मात्र उघड्या मातीचे. मासे धरणारे म्हातारे, पोथी वाचणारे साधू, पूल आणि छोट्या झोपड्या. त्यातल्या बोटभर मूर्ती कुंडीतल्या बुटक्या झाडांखाली आणि माशांच्या टाकीत ठेवायला जगभर गेल्या. मोठ्या मूर्ती मात्र स्वतंत्र शिल्पं आहेत.

तिसरं, फूच्येन प्रांतातल्या दहुआचं पांढरं पोर्सेलीन. करुणेची देवता कुआनयिन ही त्यातली सर्वांत लोकप्रिय मूर्ती. चौथं, निळसर-हिरव्या आणि जांभळ्या झिलईचे सिंह आणि पोपट. तांब्याचा तो निळा आणि मँगनीजचा जांभळा एकदा बघितला की विसरत नाही. पाचवं, जिंगदेझेनचे रंगीत मुलाम्याचे सुख-समृद्धी-दीर्घायुष्याचे तीन देव, हातात बाळ, राजदंड आणि पीच घेतलेले.

आणि या सगळ्यांच्या चीनबाहेर बनलेल्या नकला. पॅरिसच्या सॅमसन कंपनीने १८४५ पासून चिनी पोर्सेलीनच्या उत्तम नकला केल्या. इटलीत विसाव्या शतकाच्या मध्यावर सिंह आणि तांग पद्धतीचे घोडे सजावटीसाठी निघाले. त्यांच्या तळावर बहुधा हाताने लिहिलेला नंबर आणि ‘इटली’ असं असतं. यांना चिनी म्हणून विकलं तर चूक आहेच, पण सॅमसनची वस्तू ओळखून सॅमसन म्हणून विकली तर तिला स्वतःचा गिऱ्हाईकवर्ग आहे.

टेबलावर काय हवं

दहापट मोठं दाखवणारं भिंग, टॉर्च, अतिनील किरणांचा छोटा टॉर्च, मोजपट्टी, स्वयंपाकघरातला वजनकाटा, मऊ कोरडा ब्रश, कापसाचे बोळे, पाणी. टेबलावर जाड टॉवेल पसरा. मूर्ती उचलताना घोड्याची मान, उंटाची कुबड किंवा देवीचा हात कधीही धरू नका. पूर्वीची दुरुस्ती बहुतेक वेळा तिथेच असते. एक हात पोटाखाली, दुसरा पाटाखाली. मूर्ती धुऊन पुसून मग बघू, असंही करू नका. धूळ कुठे बसली आहे आणि कुठे नाही, हाच पहिला पुरावा असतो.

पहिली पायरी: उलटी करा

तळ हा मूर्तीचा सर्वांत बोलका भाग, कारण सजवणाऱ्याने तिथे सर्वांत कमी मेहनत घेतलेली असते. तांगकालीन तिरंगी मूर्तीची माती पांढरट, फिकट गुलाबी किंवा पिवळसर, मऊ असते. नखाने ओरखडा सहज उठेल इतकी. पाण्याचा एक थेंब उघड्या मातीवर ठेवला की तो शोषला जातो. पण नवी कमी आचेची मातीही पाणी शोषते, म्हणून या चाचणीतून फक्त एक गोष्ट कळते: थेंब जर तसाच गोल बसून राहिला तर माती जास्त आचेची आहे किंवा तळावर काहीतरी चोपडलं आहे. तळाला तपकिरी रंगाचा हात फिरवून ‘जुना’ केलेला असेल तर ओल्या बोळ्यावर तो रंग उतरतो.

आता झीज बघा. खऱ्या वापराची झीज टेकणाऱ्या कडांवरच असते आणि ओबडधोबड असते. संपूर्ण तळ एकाच दिशेने घासलेला दिसला, सगळे ओरखडे समांतर असले, तर तो पॉलिश पेपर आहे. गोल रबरी पाय, हिरवी फेल्ट किंवा स्टिकरचा चिकट चौकोन दिसला तर त्याचीही नोंद करा. स्टिकर निघून गेल्यावर राहिलेला चिकटपणा भिंगाखाली दिसतो आणि वस्तू साधारण कोणत्या काळातल्या दुकानातून आली हे सांगतो.

तळाला माती नसून एकसंध, किंचित उबदार लागणारं, आकाराच्या मानाने हलकं किंवा विचित्र जड काही असेल, टिचकी मारल्यावर बद्द आवाज आला, तर ते रेझिन असू शकतं. भिंगाखाली बारीक गोल बुडबुडे फुटलेले दिसतात. रेझिन असेल तर तपासणी तिथेच संपली.

दुसरी पायरी: आत डोकावा

घोड्याच्या पोटाखाली भोक असतं. पोकळ मूर्ती भट्टीत फुटू नये म्हणून ते ठेवावंच लागतं. टॉर्च लावून आत बघा. तांग कारागीर दोन अर्ध्या साच्यांत माती बोटांनी दाबून बसवत आणि मग दोन्ही अर्ध जोडत. त्यामुळे आत बोटांचे ठसे, जाड-पातळ भिंत, जोडावर चोपडलेली जास्तीची माती दिसते. स्वस्त आधुनिक मूर्ती प्लास्टरच्या साच्यात पातळ माती ओतून करतात. ती आतून गुळगुळीत असते, भिंतीची जाडी सगळीकडे सारखी, आणि बाहेर जिथे खळगा तिथे आत उंचवटा. बाहेर जोडाची रेघ पायांच्या आतल्या बाजूला किंवा शेपटीखाली न घासता राहिलेली असते.

आता सावधपणाची गोष्ट. नानशीशानचे चांगले कारागीर आजही मातीच दाबून बसवतात. म्हणजे आत बोटांचे ठसे दिसले की घोडा तांगकालीन ठरत नाही. तो ओतीव नाही, हाताने दाबलेला आहे, एवढं ठरतं. पण प्रतिकृतीच्या किमतीत हाच मोठा फरक आहे. दादरच्या एका ओळखीच्या घरातला घोडा मी असाच उलटा केला होता. दिसायला अगदी दुकानी, रंग भडक. पोटाखालच्या भोकात टॉर्च लावला तर आत अंगठ्याचे दाब ओळीने, छातीकडे भिंत जाड, पार्श्वभागाकडे पातळ. मागचा उजवा खूर वेगळा करून जोडलेला, आणि जोडावर ओल्या मातीचा हात फिरवल्याची खूण तशीच वाळलेली. रंगावरून त्याला शोभेचा घोडा म्हणून काढून टाकता आलं असतं. घडणीवरून तो हाताने केलेला, चांगल्या कार्यशाळेतला घोडा ठरला, आणि कागदावर तसंच लिहिलं गेलं.

तिसरी पायरी: झिलई, आणि इथे घाई नको

सगळ्या तपासणीतला निम्मा वेळ झिलईला द्या. खिडकीजवळच्या उजेडात मूर्ती हळूहळू फिरवा आणि मग भिंग लावा.

जुन्या शिशाच्या झिलईवर अत्यंत बारीक तड्यांची जाळी असते, नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसेल अशी. झिलई आणि माती थंड होताना वेगवेगळ्या प्रमाणात आकसतात, त्यातून ती जाळी येते. नव्या मूर्तीवर बरेचदा जाळी मोठ्या घरांची असते किंवा नसतेच. काही ठिकाणी तड्यांत मुद्दाम चहा किंवा शाई मुरवतात. तशा मूर्तीवर सगळे तडे एकाच गडदपणाचे दिसतात. खऱ्या जुन्या तड्यांत मळ कुठे आहे, कुठे नाही.

ओघळ बघा. झिलई वितळून खाली सरकते आणि खुरांच्या किंवा पाटाच्या थोडी वर थांबते, तिथे जाड थेंब धरते. तांग मूर्तींवर रंग एकमेकांत मिसळलेले, सीमा पुसट झालेल्या. स्वस्त प्रतिकृतीवर हिरवे-पिवळे ठिपके ब्रशने ठेवलेले, डाव्या-उजव्या बाजूला जवळजवळ सारखे, आणि सीमा कडक. निळ्याचा सढळ वापर हीसुद्धा बहुधा आजची आवड; तांग काळात कोबाल्ट महाग होता, तो बेताने वापरला जाई. निळ्याच्या अस्सल मूर्ती आहेत, पण त्या दुर्मीळ आहेत.

तांग काळातल्या माणसांच्या मूर्तींचं डोकं बहुतेक वेळा झिलईविना ठेवून नंतर थंड, म्हणजे भट्टीत न भाजलेल्या, रंगांनी चेहरा रंगवत, ओठ, भुवया, केस. शतकानुशतकं जमिनीत राहून तो रंग बराचसा गेलेला असतो. चकचकीत गुलाबी गाल आणि काळ्याभोर भुवया असलेली बाई बहुधा अलीकडची.

नव्या झिलईला काचेसारखा कडक चमचमाट असतो. तो मारण्यासाठी आम्लाचा हात देतात. भिंगाखाली अशा झिलईवर सगळीकडे सारखे, सुईच्या टोकाएवढे खड्डे दिसतात आणि चमक खोलगट भागांतसुद्धा गेलेली असते. नैसर्गिकरीत्या मंद झालेली झिलई अशी सरसकट मंद नसते. जमिनीत राहिलेल्या शिशाच्या झिलईवर कधी रुपेरी, इंद्रधनुषी पापुद्रा चढतो. तो तड्यांच्या कडेने, पातळ थरांत सुटत असतो. फवारलेली इंद्रधनुषी झळाळी सपाट असते, तड्यांशी तिचं काही नातं नसतं.

निळ्या सिंहांचं गणित थोडं वेगळं. १९०० ते १९३० च्या सुमाराच्या निर्यातीच्या सिंहांवर बारीक जाळी असते, खळग्यांत झिलई साचून गडद होते, उंचवट्यांवरून पातळ होऊन खालची माती झिरपल्यासारखी दिसते. अलीकडच्या सिंहांवर रंग सगळीकडे एकाच जाडीचा. जोडी खरी आहे का तेही बघा: नराच्या पंजाखाली चेंडू, मादीच्या पंजाखाली पिल्लू, आणि दोघांची तोंडं एकमेकांकडे वळलेली. दोन नर एकत्र ठेवून जोडी म्हणून विकलेले बरेच सापडतात.

दहुआच्या पांढऱ्यात छटा महत्त्वाची. मिंगकालीन चांगल्या दहुआचा पांढरा किंचित हस्तिदंती, आतून उबदार, टॉर्च मागे धरला तर गुलाबीसर उजेड पाझरतो. नंतरच्या मूर्ती निळसर, थंड पांढऱ्या होत जातात. पाठीवर ह चाओझोंग या मिंगकालीन कलावंताची मुद्रा दिसली तर हुरळून जाऊ नका. दहुआच्या इतिहासात सर्वांत जास्त नक्कल झालेली मुद्रा तीच आहे. देवीची बोटं बघा. हाताने घडवलेली बोटं एकेक सुटी आणि निमुळती असतात, ओतीव मूर्तीत ती चिकटलेली, टोकं बोथट.

माती, मुळांच्या खुणा आणि बनावट म्हातारपण

थडग्यातून निघाल्याचा देखावा करण्यासाठी माती चिकटवतात. कोमट पाण्यात भिजवलेला बोळा दाबून धरा. खरी साठलेली माती भुरभुर सुटते, डिंकाने बसवलेली पापुद्र्यासारखी किंवा बुळबुळीत होऊन येते. माती कुठे आहे तेही पाहा. जमीन सगळीकडून दाबते, त्यामुळे थर वेडावाकडा असतो. बनावट माती समोरच्या बाजूला, फोटोत छान दिसेल अशा जागी जास्त असते, आणि पाटाखाली अजिबात नसते.

मुद्दाम माती फासलेली वस्तू ही प्रतिकृती राहत नाही. ती फसवणुकीसाठी तयार केलेली वस्तू आहे, आणि अहवालात तसा स्पष्ट उल्लेख करायला मी कधीच मागेपुढे पाहत नाही. पुढच्या खरेदीदारालाही हे कळायला हवं.

शिक्के, चिठ्ठ्या, लाल लाख

अमेरिकेच्या मॅकिन्ले कायद्यानंतर, १८९१ पासून, तिकडे जाणाऱ्या मालावर देशाचं नाव इंग्रजीत लिहिणं सक्तीचं झालं. म्हणून नुसतं ‘चायना’ असं दाबलेलं किंवा छापलेलं असेल तर वस्तू १८९१ च्या आधीची नाही. ‘मेड इन चायना’ हा पूर्ण शब्दप्रयोग साधारण त्यानंतरचा. उलट दिशेने मात्र हा नियम चालत नाही. शिक्का नाही म्हणजे जुनी, असं मुळीच नाही. मुंबईला किंवा लंडनला येणाऱ्या मालावर अमेरिकेचा नियम लागू नव्हता, आणि शिक्का घासूनही काढतात. तळावर घासल्याचा गोल, बाकी तळापेक्षा फिकट डाग दिसला तर विचार करा.

छोट्या शीवान म्हाताऱ्यांच्या पायाखाली ‘चायना’ आणि एखादा आकडा दाबलेला आढळतो. ‘हाँगकाँग’ची चिठ्ठी असेल तर तिला जपा: १९५० च्या शेवटापासून १९७१ पर्यंत अमेरिकेत चिनी मालावर बंदी होती, त्या काळात हाँगकाँगच्या नावाने असा बराच माल गेला. म्हणजे ती चिठ्ठी मूर्तीला वीस-एक वर्षांच्या चौकटीत बसवायला मदत करते.

मूर्तीवर चिनी राजवटीची सहा अक्षरी मुद्रा, विशेषतः कांगशी किंवा चियानलोंग या सम्राटांची, दिसली तर ती वयाचा पुरावा मानू नका. ती बहुतेक वेळा फार नंतरची, आदराने किंवा विक्रीसाठी घातलेली असते.

लाल लाखेच्या गोल ठशाबद्दल फार गैरसमज आहे. चीनमधल्या सरकारी तपासनिसांनी वस्तू पाहून निर्यातीला परवानगी दिली, एवढंच तो सांगतो. तो अस्सलपणाचा दाखला नव्हे. उलट असं बघा: ज्या वस्तूला निर्यातीची परवानगी मिळाली ती सरकारच्या मते राखून ठेवण्याइतकी महत्त्वाची नव्हती. २००७ च्या नियमांनुसार १९११ च्या आधीच्या सांस्कृतिक वस्तू चीनबाहेर नेताच येत नाहीत. त्यामुळे शीआनच्या दुकानातून ‘तांग’ प्रमाणपत्रासह घेतलेली, विमानाने घरी आलेली मूर्ती तांगकालीन असणार नाही. दुकानातली प्रमाणपत्रं फाईलमध्ये ठेवा, किमतीत धरू नका.

दुरुस्ती शोधणं

खोली अंधारी करा आणि अतिनील टॉर्च फिरवा. जुनी झिलई साधारण एकसारखी दिसते. इपॉक्सी, नवा रंग आणि काही गोंद पांढरट-निळे किंवा पिवळट चमकतात. घोड्याचे कान, चारही घोटे, शेपूट, लगाम, देवीची बोटं, म्हाताऱ्याची काठी या जागा नेहमी तपासा. काही आधुनिक दुरुस्त्या चमकत नाहीत, म्हणून नखाच्या मागच्या बाजूने हलकेच टिचकी मारत पुढे सरका. दुरुस्त भागावर आवाज बसका येतो. अॅसिटोनचा बोळा मी शेवटी, अगदी दडलेल्या जागी आणि मालकाच्या परवानगीनेच वापरते. थंड रंगाने रंगवलेल्या चेहऱ्यावर तो कधीच लावू नये, मूळ रंगच निघून येईल.

टवका, केसाएवढी चीर, गेलेला भाग, रंगवलेला भाग, असे चार प्रकार वेगवेगळे लिहा. नुसतं ‘थोडं खराब’ लिहिलं की खरेदीदार सर्वांत वाईट अर्थ घेतो.

प्रयोगशाळेत कधी जायचं

भाजलेल्या मातीचं वय काढण्यासाठी थर्मोल्युमिनेसन्स ही चाचणी आहे. मातीतल्या खनिजांत किरणोत्सारी ऊर्जा हळूहळू साठते, भट्टीत ती शून्य होते आणि भाजल्यापासून पुन्हा साठू लागते. तळाच्या आतल्या बाजूने थोडी पूड खरवडून घेतात आणि ती तापवून किती प्रकाश निघतो ते मोजतात. वर्ष कळत नाही, पण बाराशे वर्षं की पन्नास वर्षं, हे नक्की कळतं. चाचणीला काहीशे पौंड लागतात. त्यामुळे घडण, झिलई, माती या तिन्हींनी एकाच दिशेला बोट दाखवलं आणि ती दिशा जुनी असली, तरच खर्च करावा. आणि नमुना एका जागेवरून घेतलेला अहवाल पुरेसा मानू नका. अस्सल जुने तुकडे नव्या शरीरात बसवून, नेमका तोच भाग तपासायला पुढे करणारे लोक या धंद्यात आहेत.

कारागिरीचा दर्जा

इतकं झाल्यावर मूर्ती परत उभी ठेवा आणि चार पावलं मागे जाऊन बघा. तांग घोड्याचं डोकं लहान, मान भरदार, छाती पुढे, नाकपुड्या फुललेल्या, पाय ताणलेले पण जड नाहीत. चांगल्या प्रतिकृतीत हा जोर उतरलेला असतो. सुमार प्रतिकृतीत पाय खांबासारखे, डोळे नुसते टोचलेले, आयाळ शिक्का मारल्यासारखी. शीवानच्या म्हाताऱ्यात मी आधी हात बघते, मग कपाळ: सुरकुत्या कोरलेल्या की साच्यातल्या? दात दिसत असतील तर ते वेगवेगळे कापलेले की एक पट्टी? पान यूशू किंवा ल्यू च्वान अशा विसाव्या शतकातल्या नामवंत शीवान शिल्पकारांच्या मुद्रा खोट्याही मारल्या जातात, पण काम खरोखर त्या तोडीचं वाटलं तर जाणकाराला दाखवल्याशिवाय विकू नका. माणसं नेमकी इथे फसतात. सगळा वेळ तांग घोड्यामागे घालवतात आणि कोपऱ्यातला, खरोखर मोलाचा शीवानचा म्हातारा रद्दीच्या भावात देऊन टाकतात.

किंमत काढताना

‘किंमत किती’ याला एक उत्तर नाही. विम्यासाठी ती वस्तू पुन्हा दुकानातून घ्यायला लागणारी रक्कम धरतात, वाटणीसाठी लिलावात मिळेल ती, आणि उद्याच पैसे हवे असतील तर व्यापारी देईल ती. तिघांत मोठी तफावत असते. अहवालात कोणती किंमत दिली आहे ते आधी लिहा.

इंटरनेटवर मागितलेल्या किमती बघू नका. कुणीही ओतीव घोड्यावर लाखाची चिठ्ठी लावू शकतो. लिलावांच्या संकेतस्थळांवर विकल्या गेलेल्या वस्तूंचे निकाल शोधा आणि तुमच्या मूर्तीशी घराणं, उंची, काळ, जोडी की एकटी आणि अवस्था इतकं जुळणारेच निकाल धरा. छापलेल्या निकालात बऱ्याचदा खरेदीदाराचं कमिशन मिसळलेलं असतं, ते साधारण चौथ्या हिश्श्यापर्यंत जातं. विकणाऱ्याच्या हातात त्याहून बरंच कमी पडतं.

भाव वाढवणाऱ्या गोष्टी: विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातली असणं, हाताची घडण, मोठा आकार, मूळ जोडी, मूळ लाकडी बैठक, जुनं बिल किंवा फोटो. घसरवणाऱ्या: मोडलेली मान, लपवलेली दुरुस्ती, फासलेली माती. अलीकडचा ओतीव घोडा शोभेच्या वस्तूइतकाच जातो, त्याला तेवढंच म्हणावं. मुंबईत मटण स्ट्रीटवरच्या चोर बाजारात भाव करायला जाण्याआधी छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातला टाटांच्या संग्रहातला चिनी विभाग बघून या. चांगल्या झिलईची डोळ्यांना सवय होते आणि बाजारातला चमचमाट लगेच ओळखू येतो.

वर्णन असं लिहावं

‘तांग घोडा, जुना’ हे वर्णन नाही. दादरच्या त्या घोड्याचं असं लिहिलं: ‘तांग शैलीतील घोडा, बहुधा लुओयांग परिसर, विसाव्या शतकाचा उत्तरार्ध. साच्यात हाताने दाबलेली माती, शिशाची तिरंगी झिलई, पोटाखाली लंबगोल भोक. डाव्या कानाचा टवका उडालेला, मागच्या डाव्या घोट्याला जुना जोड, अतिनील प्रकाशात दिसतो. शिक्का नाही.’ सोबत उंची, वजन आणि फोटो: चारही बाजू, तळ, आतली बाजू, प्रत्येक दोष मोजपट्टीसह. ‘शैलीतील’ हा शब्द कधी वगळू नका. लिलावाच्या यादीत तो शब्द असणं आणि नसणं यात लाखोंचा आणि कायद्याचा फरक आहे.

शिशाच्या झिलईची मूर्ती लहान मुलांच्या तोंडाला लागेल अशी ठेवू नका, आणि त्यात काही खायचं-प्यायचं ठेवू नका.

परदेशी पाठवण्याआधी

भारतात १९७२ चा पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती कायदा लागू आहे. शंभर वर्षं जुनी कलावस्तू त्यात पुरावशेष ठरू शकते, आणि पुरावशेष खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. ही अट वस्तू अस्सल आहे की नक्कल यावर नाही, वयावर आहे. म्हणजे १९१५ च्या सुमाराची निळ्या सिंहांची जोडी तांग-मिंगची नसली तरी या व्याख्येत येऊ शकते. मुलीला शिकागोला पाठवायची असेल तर आधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या कार्यालयात वस्तू दाखवा. ती पुरावशेष नाही असा दाखला मिळाला तरच पाठवा. नव्या घोड्यासाठीही हा दाखला हातात असलेला बरा, कारण कस्टमच्या अधिकाऱ्याला दुरून दोन्ही घोडे सारखेच दिसतात. अमेरिकेनेही जानेवारी २००९ पासून तांग काळापर्यंतच्या चिनी पुरातत्त्वीय वस्तूंच्या आयातीवर निर्बंध घातले आहेत, त्यामुळे कागदावरचा ‘शैलीतील, विसावं शतक’ हा उल्लेख तिकडेही कामी येतो.

पॅकिंग करताना घोड्याला थेट बबलरॅपने आवळू नका. आधी चार पायांच्या मधली पोकळी मऊ कागदाच्या गोळ्यांनी हलकेच भरा, मग मानेखालची जागा, मग कानांभोवती सैल कागद. त्यावर बबलरॅप, त्यावर खोका, आणि तो खोका दुसऱ्या मोठ्या खोक्यात, सगळ्या बाजूंनी किमान पाच सेंटिमीटर भरावासह. वर्णनाचा कागद आतल्या खोक्यात ठेवा आणि एक प्रत स्वतःजवळ.